शिडीला अडकलेला चष्मा

बाबा सकाळी ज्या दगडावर बसत, तो आमच्या अंगणाच्या कडेला अजून आहे. त्याच्या एका अंगाला अळूचं खाचर, दुसऱ्या अंगाला पावसाच्या पाण्याची टाकी, आणि मधून एक माणूस जेमतेम जाईल एवढी वाट. कियोमीआत्याला तिच्या नीरफणसाच्या झाडांकडे जायला तेवढी एकच वाट होती.

बसलेल्या भावासमोरून बहीण ताठ चालत जात नाही. आत्या टाकीपाशी आली की डोक्यावरची टोपली उतरवायची, घागरा सावरायची आणि गुडघ्यांवर येऊन टोपली पुढे ढकलत ढकलत सरकायची. मान खाली. "तिरो, दादा. तिरो." येऊ का, चुकलंमाकलं माफ करा, असं सगळं त्या एका शब्दात येतं. पावसाळी दिवसांत खाचराचं पाणी वाटेवर यायचं, तेव्हा ती चिखलातून जायची. बाबा वाटेकडे बघत नसत. सिगारेट ओढत समुद्राकडे बघत बसायचे.

बसायला दुसऱ्या जागा होत्या. ओसरी होती, होडीची शेड होती, किनाऱ्यावर आडवं पडलेलं माडाचं खोड होतं. पण तिची फणस काढायला जायची वेळ झाली की बाबा त्या दगडावर असायचे. ती वळणाआड गेली की शेडमधल्या पुरुषांना म्हणायचे, "देवळातल्या फरशीनं झिजले नसतील एवढे माझ्या बहिणीचे गुडघे माझ्यापुढे झिजलेत." पुरुष हसायचे. आईने एकदा म्हटलं, "ती येते तेवढ्यापुरतं उठून उभे राहिलात तर तिला वाकून जाता येईल, रांगावं लागणार नाही." बाबा म्हणाले, "मग मी भाऊ कशाला झालो?"

बाबांचं नाव ताकासी. बेटावर सगळे त्यांना कॅप्टन म्हणायचे, कारण त्यांच्याकडे एक जहाज होतं. जहाज बुडालेलं होतं, ही गोष्ट निराळी.

ते जपानी लोकांचं तांदळाचं जहाज. आजोबांच्या लहानपणी, युद्धात विमानांनी बुडवलेलं. आमच्या बेटांभोवतीच्या प्रवाळाच्या कड्याच्या आतल्या पाण्यात अशी पुष्कळ जहाजं आहेत, पण ती खोल आहेत, हवेच्या टाक्या पाठीला बांधून उतरावं लागतं. हे मात्र उथळ खडकावर कलंडून बसलंय. त्याची डोलकाठी पाण्याबाहेर असते, ओहोटीला डेकवर गुडघाभर पाण्यात उभं राहता येतं. डेकच्या मधोमध माल उतरवायचं चौकोनी तोंड आहे. तिथून आत शिरलं की जहाजाचं पोट, तीन पुरुष खोल. आत हिरवा उजेड, आणि बारीक चांदीसारखे मासे असे थव्याने फिरतात की भिंतच हलल्यासारखी वाटते.

तो खडक बाबांच्या आईच्या कुळाचा. आमच्याकडे जमीन आणि पाणी आईकडून मुलीकडे जातं, म्हणजे मालकी आत्याची आणि, तिला मुलगी नसल्यामुळे, तिच्यामागे तिच्या मुलाची, ऐसेकची. बाबांना फक्त वापर होता. पण शिडाच्या बोटी घेऊन दूरदेशचे लोक यायचे, तेव्हा त्यांना जहाज दाखवायला बाबा न्यायचे आणि डोलकाठीवर हात ठेवून सांगायचे, "माझं." मी शाळेत इंग्रजी शिकले होते. माझं काम ते इंग्रजीत सांगायचं.

पाहुण्यांना काहीतरी सापडावं लागतं. नुसतं गंजलेलं लोखंड बघून ते चहा पितात आणि निघून जातात. म्हणून आमच्या चुलखोलीत, आईच्या सरपणामागे, तांदळाच्या पोत्यात एक खजिना असायचा. निळ्या काठाच्या अकरा बश्या, दारूच्या तीन बाटल्या, बुटांचे चार तळवे आणि एक शाईची दौत. आई त्यांना घासायची नाही, शेवाळ राहू द्यायची. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी ऐसेक ते पोतं घेऊन जहाजाच्या पोटात उतरायचा आणि एकेक वस्तू गाळात अर्धी पुरून ठेवायचा. पाहुण्यांना ती दुसऱ्या दिवशी 'सापडायची'. ती हातात घेऊन ते फोटो काढायचे, आणि मग बाबा गंभीर चेहरा करून सांगायचे की मेलेल्यांच्या वस्तू आहेत, परत ठेवा. पाहुण्यांना ते फार आवडायचं. ते गेले की ऐसेक पुन्हा उतरून पोतं भरायचा.

बाबा स्वतः कधी उतरायचे नाहीत. होडीत बसून बोट दाखवायचे. मी लहानपणी विचारलं तर म्हणाले, "मालक उतरत नाही, मर्सी. मालक दाखवतो." मला ते पटलं. ऐसेक मात्र हसला.

"मामा उतरत नाहीत, कारण मामांचं पोट त्या तोंडातून जाणार नाही," तो म्हणाला. बाबांनी वल्हं उचललं, आणि तो पाण्यात उडी मारून पळाला. त्यांच्याशी असं बोलायची मुभा फक्त त्यालाच होती.

त्याचा पाण्यात घालायचा चष्मा बाबांनी बनवला होता. ऐसेक नऊ वर्षांचा असताना बाबांनी जास्वंदीच्या जातीच्या हलक्या लाकडाच्या दोन वाट्या कोरल्या, त्याच्या डोळ्यांच्या खोबणीला लावून लावून तासल्या, खिडकीच्या काचा नीरफणसाच्या चिकाने बसवल्या, आणि नाकावरच्या पट्टीवर दुहेरी शेपटीचा एक पक्षी कोरला. मागे सायकलच्या ट्यूबची पट्टी. तो वाढला तशा बाबांनी वाट्या आतून पुन्हा पुन्हा खरवडल्या. दुकानात रबराचे चष्मे आले तरी ऐसेकने तोच वापरला. तेवीस वर्षांचा होता तो गेला तेव्हा.

एप्रिलमध्ये, एका सकाळी, तो पोतं घेऊन उतरला. बाबा वर होडीत होते. जहाजाच्या पोटात उतरायची लोखंडी शिडी सत्तर वर्षं गंजत होती. ती त्या दिवशी निखळली आणि त्याचा पाय खाली दाबला गेला.

बाबा होडी हाकत किनाऱ्याला आले आणि ओरडले. पाच-सहा पुरुष गेले. आत गाळ एवढा ढवळला होता की डोळ्यांसमोर हात दिसत नव्हता. त्यांनी चाचपडत शिडी उचलून तोंडाच्या कडेला टेकवली आणि त्याला बाहेर ओढलं. बाबांनी सगळ्यांना सांगितलं की ते सात वेळा उतरले, सात वेळा शिडी ओढली, ती हलली नाही. त्यांचे डोळे लाल होते. खाऱ्या पाण्याने होतात तसे.

"सात वेळा," बायका एकमेकींना सांगत होत्या. "साठीच्या माणसानं."

आत्या बाबांसमोर गुडघ्यांवर आली आणि त्यांच्या पायांशी कपाळ टेकून रडली. म्हणाली, "माझ्या मुलासाठी तुम्ही जीव धोक्यात घातलात, दादा." बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

चष्मा मिळाला नाही. ऐसेकला आत्याच्या घराशेजारी पुरलं, वर पत्र्याचं छप्पर घातलं, सिमेंटचा ओटा केला. पण उशाच्या बाजूचा एक कोपरा तिने गवंड्याला लिंपू दिला नाही. वीतभर चौकोन उघडाच ठेवला, वर एक बशी पालथी घातली. मग टाकीपाशी रांगत आली.

"दादा, त्याचा चष्मा तेवढा आणून द्या, उशाशी ठेवते. पाण्यात गेलेलं पोर आहे. डोळे उघडे ठेवून पुरलंय मी त्याला."

"आणतो," बाबा म्हणाले.

तीन वेळा गेले. एकटेच. दर वेळी तासाभराने परत आले आणि दर वेळी तिला सांगितलं, "कानाकोपरा चाळला. नाही. प्रवाहानं नेला असणार." तिसऱ्या वेळी मी होडी ओढायला गेले. तळाशी सिगारेटची चार थोटकं होती. आईने त्यांचा टॉवेल झटकून दोरीवर टाकला. वाळत टाकण्यासारखं त्यात काही नव्हतं. तिने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे, आणि आम्ही दोघी फणस कुटायला बसलो.

तो कोपरा उघडाच राहिला. दर संध्याकाळी आत्या बशी उचलून आतला पाला काढायची, पुन्हा ठेवायची.

घरचं माणूस गेलं की त्याच्या कुळाचा खडक बंद होतो. आत्याने कोवळ्या माडाच्या झावळ्या चिरून डोलकाठीला बांधल्या. वर्षश्राद्धाच्या जेवणापर्यंत तिथे जाळं नाही, गळ नाही, होडी नाही. कुणी विचारत नाही, कुणी मोडत नाही. झावळ्या लांबून दिसतात आणि माणसं वळसा घालून जातात.

बाबांना वळसा घालणं जड गेलं. जहाजाशिवाय त्यांना सांगण्यासारखं काही नव्हतं. पलीकडच्या बेटावरचा सिमिरोन दुकानात यायचा, तोही पाहुण्यांना जहाजं दाखवायचा, खोल पाण्यातली. तो बाबांना बघितलं की माशाचा डबा काउंटरवर आपटून म्हणायचा, "काय कॅप्टन, जहाज कुठंय? बुडालं काय?"

सगळं दुकान हसायचं.

"बंद आहे," बाबा म्हणायचे.

"बंद? मग आता आमच्या होडीवर या की. पाणी उपसायला माणूस हवाय. बसून करायचं काम आहे, तुम्हाला जमेल."

ऐसेक गेल्यानंतर सातव्या महिन्यात एक शिडाची बोट आली. न्यूझीलंडचं म्हातारं जोडपं, कॉलिन आणि हेदर. कुणीतरी त्यांना वेनोच्या, आमच्या मोठ्या बेटाच्या, धक्क्यावर सांगितलं होतं की ताकासी नावाचा माणूस उथळ पाण्यातलं जहाज दाखवतो. ते किनाऱ्याला लागले आणि दुकानासमोर, सिमिरोनच्या देखत, त्यांनी विचारलं, "कॅप्टन ताकासी कोण?"

त्या प्रश्नाचं उत्तर 'बंद आहे' असं द्यायला वेगळा माणूस लागतो.

"बंदी मासळीला आहे," वाटेत बाबा मला म्हणाले. "बघायला कुठं बंदी आहे? बघून मासे मरतात का?"

"आत्याला विचारूया, बाबा."

"भावानं बहिणीला विचारायचं? परवानगी? शाळेत हे शिकवलं तुला?"

इंजिन चालू झालं. हेदर पुढे बसली होती, पांढऱ्या केसांची, खूप हसणारी. डोलकाठीजवळ गेल्यावर वाळून पिवळ्या पडलेल्या झावळ्यांकडे बोट दाखवून तिने विचारलं, हे काय? बाबा म्हणाले, "सांग, स्वागताचं तोरण." मी तसं सांगितलं. बाबांनी होडीचा दोर त्याच डोलकाठीला, झावळ्यांच्या खालीच बांधला.

"आत काही ठेवलं नाहीये," मी हळूच म्हणाले. "यांना काय सापडणार?"

"पोतं आतच राहिलंय की त्या दिवसापासून. सगळं पसरलेलं असेल," बाबा म्हणाले. "आयतंच."

ते ऐकल्यावर मी पाण्यात हात बुडवला आणि तसाच ठेवला.

कॉलिन डेकवर उभा राहून फोटो काढत होता. हेदरने श्वास भरला आणि त्या चौकोनी तोंडातून आत गेली. पाणी काचेसारखं होतं. सात महिन्यांत गाळ खाली बसला होता. ती वर आली ती हात उंचावून, आनंदाने किंचाळत. हातात चष्मा होता. लाकडाच्या दोन वाट्या, ट्यूबची पट्टी, एका काचेवर चुन्यासारखी पांढरी पुटं.

"शिडीला लटकत होता! आत डोकं घातलं तर समोरच!"

तिने तो बाबांच्या हातात दिला. त्यांनी अंगठ्याने नाकावरची पट्टी पुसली. पक्षी निघाला. दुहेरी शेपटीचा.

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"सांग तिला," ते म्हणाले, "जपानी खलाशाचा आहे. युद्धातला."

"बाबा."

"सांग."

मी सांगितलं. हेदरने तोंडावर हात ठेवला. तिने विचारलं, त्या खलाशाबद्दल काही माहीत आहे का? मी बाबांना विचारलं. मला वाटलं, आता तरी.

"तरुण होता," बाबा म्हणाले. "आईचा एकुलता एक. चांगला पोहायचा."

मी एकेक शब्द इंग्रजीत केला. हेदरच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, परत ठेवून येते. मेलेल्यांच्या वस्तू मेलेल्यांपाशी राहाव्यात.

आजवर बाबाच हे सांगत आले होते. या वेळी ते घाईने म्हणाले, "नको, नको. घेऊन जा म्हणावं. कॅप्टनची भेट. पिशवीत घाल म्हणावं. आत, खाली. दाखवू नको कुणाला."

चष्मा शिडाच्या बोटीतून गेला असता म्हणजे कायमचा गेला असता. शिडीला लटकत होता हे आम्हा तिघा-चौघांनाच कळलं असतं. हे बाबांना लगेच कळलं. मला किनारा दिसेपर्यंत वेळ लागला.

किनाऱ्यावर बायका उभ्या होत्या. होडी डोलकाठीला बांधलेली गावातून दिसतेच. पुढे आत्या. हात कोपरापर्यंत नीरफणसाच्या चिकाने माखलेले, कुटता कुटता उठून आली होती.

बाबांनी नांगर टाकला, सावकाश उतरले, आणि माडाच्या आडव्या खोडावर जाऊन बसले. ते बसले तशा बायका खाली झाल्या; कुळाच्या नात्याने सगळ्या त्यांच्या बहिणीच लागायच्या. आत्याही वाळूत गुडघ्यांवर आली. रागावली असली तरी बहीण बहीणच होती.

"दादा," ती मान खाली घालून म्हणाली, "झावळ्या वाळल्या म्हणून दिसल्या नाहीत का?"

"मासे धरले नाहीत आम्ही. जा, तुझा फणस गार होतोय."

दोन-तीन बायका ओठ दाबून हसल्या. आत्या उठणारच होती. तेवढ्यात हेदर होडीतून उतरली. पिशवी नवऱ्याच्या हातात होती. चष्मा तिने कपाळावर चढवला होता, पांढऱ्या केसांवर. भेट लपवून नेणं तिच्या स्वभावात नव्हतं.

आत्याने बराच वेळ पाहिलं. मग मला विचारलं, शांतपणे, "मर्सी, हिला हा कुठं मिळाला?"

बाबा म्हणाले, "बाजारात. वेनोला."

"मी मर्सीला विचारलं."

भावाच्या बोलण्यावर असं बोलतात का? बायका चुळबुळल्या. मी म्हणाले, "शिडीला अडकला होता, आत्या. तोंडाच्या आत लगेच."

"शोधायला किती वेळ लागला, विचार हिला."

मी विचारलं. हेदरला वाटलं, तिचं कौतुक चाललंय. तिने हसून दोन बोटं दाखवली. "दोन मिनिटं! तेवढीही नाही!"

ते आमच्या भाषेत सांगायची गरज पडली नाही. दोन बोटं सगळ्यांनी पाहिली.

आत्या त्या बोटांकडे बघत होती. तीन वेळा कानाकोपरा चाळला. सात वेळा उतरलो. ती मोजत नव्हती. ती एकच गोष्ट बघत होती, मला ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं. तोंडाच्या आत डोकं घातलेल्या माणसाला दिसणारी वस्तू ज्याला दिसली नाही, त्याने तोंडाच्या आत डोकं घातलेलंच नाही. तेव्हाही नाही. तिचं पोर खाली होतं, पाय अडकलेलं, डोळे उघडे, आणि वर होडी होती, आणि होडीत मामा होता.

तिने हात पुढे केला. हेदरने चष्मा कौतुकाने काढून तिला दिला, बघायला. आत्याने तो चिकट हातात घट्ट धरला आणि परत दिला नाही.

"कियोमी," बाबा म्हणाले. "ऐक. त्या तोंडात मी तरुणपणी एकदा अडकलो होतो. तेव्हापासून मला आत... ऐसेकला माहीत होतं. ऐसेकला विचार."

म्हणाले खरं. मग आपण काय बोललो ते त्यांना कळलं असावं.

आत्या उठली. घाई नाही केली. आधी एक गुडघा, मग दुसरा, मग पाठ. पूर्ण उभी राहिली. आम्ही तिला बाबांसमोर उभी कधी पाहिली नव्हती; ती त्यांच्याहून उंच होती. ती त्यांच्या समोरून चालत गेली, इतक्या जवळून की घागऱ्याची कड त्यांच्या गुडघ्याला लागली. 'तिरो' म्हणाली नाही. तिची सावली त्यांच्या तोंडावरून सरकली.

मग दुसरी बाई उठली. मग बाकीच्या. एकामागून एक, ताठ, हात हलवत, वाळूत पावलं उमटवत. मघाशी हसल्या होत्या त्यासुद्धा.

हेदरने मला विचारलं, "काय म्हणाल्या त्या?"

"काही नाही," मी म्हणाले. ते खरंच होतं.

त्या संध्याकाळी सिमेंटचा कोपरा लिंपला. आत्याने स्वतः, चमच्याने. पालथी बशी तिने आमच्या अंगणात आणून ठेवली, टाकीपाशी. निळ्या काठाची होती. बाबांनीच कधीतरी पोत्यातली तिला दिलेली.

वर्षश्राद्धाचं जेवण झालं, खडक उघडला. भावाचा वाटा, कुटलेल्या फणसाचा मोठा गोळा आणि डुकराचं डोकं, आमच्याकडे आला नाही. जहाज दाखवायचं काम आत्याने सिमिरोनला दिलं. बाबांना कुणी काही बोललं नाही, कुणी हाकललंही नाही. आई त्यांना वाढते. ते जेवतात.

दगडावर ते अजूनही बसतात. आत्या डोक्यावर टोपली घेऊन येते आणि ताठ निघून जाते. पहिले काही दिवस ती दिसली की ते उभे राहायचे. ती तशीच गेली. मग ते दगडावरून उतरून खाली जमिनीवर बसू लागले. ती तशीच गेली. पावसात वाट चिखलाची झाली तरी आता ते चिखलातच बसतात, मान खाली घालून, आणि ती टोपली एका हाताने सावरत त्यांना वळसा घालून जाते, खडकाला घालतात तसा.

सिमिरोनला इंग्रजी येत नाही, म्हणून मी त्याच्या होडीवर जाते. डोलकाठीला दोर बांधला की तो पाहुण्यांकडे वळतो आणि किनाऱ्याकडे बोट दाखवतो.

"सांग यांना, मर्सी. इथं एक मामा आपल्या भाच्याला वाचवायला सात वेळा उतरला होता." मग दोन बोटं वर करतो आणि पोट धरून हसतो.

पाहुण्यांना हसण्याचा अर्थ कळत नाही. ते माझ्याकडे बघतात, आणि मी त्यांना तो सांगते. पहिल्यापासून, काही न गाळता.